नांगराची निशाणी आणि ‘मान्य आहे’चं बटण

कवठे महांकाळसारख्या तालुक्याच्या गावातलं एखादं सेवा केंद्र डोळ्यांसमोर आणावं. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा यांसाठी लोक रांगेत उभे आहेत. संगणकावरचा ब्राउझर उघडला की नेहमीच्या पानाऐवजी भलत्याच नावाची शोधपट्टी येते. ‘सातबारा’ असं टाइप करून एंटर दाबलं की वरच्या पट्टीत एक अनोळखी पत्ता क्षणभर चमकून जातो, मग दुसरा, आणि त्यानंतर निकालांचं पान उघडतं. पहिल्या चार ओळी जाहिरातींच्या असतात. ज्याच्या पत्त्यात ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ते शासनाचं खरं संकेतस्थळ पार खाली ढकललेलं असतं. सेटिंगमध्ये जाऊन गूगल परत आणलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. ब्राउझरला जोडलेल्या एखाद्या एक्स्टेन्शनने त्याचा ताबा घेतलेला असतो, आणि चमकून गेलेल्या त्या पत्त्यावर कोण काय शोधतंय याची नोंद होऊन गेलेली असते. आपण याला व्हायरस म्हणतो, चोरी म्हणतो. पण चोराला दार फोडावं लागतं. इथे ते आतून उघडलेलं असतं. कधीतरी कुणीतरी ‘मान्य आहे’ या अर्थाचं बटण दाबलेलं असतं. म्हणून हा प्रकार मला चोरीच्या नव्हे, दस्तऐवजांच्या इतिहासात बसवावासा वाटतो. न वाचलेल्या मजकुरावर संमती घेण्याची रीत या मुलखात जुनी आहे, आणि तिच्यावर कोणता इलाज चालला, कोणता फसला, हेही इथल्याच इतिहासात सापडतं.

एकोणिसाव्या शतकात सावकाराच्या खतावर शेतकऱ्याची सही नसे. लिहिणारा त्याचं नाव घाली आणि शेजारी नांगराचं लहानसं चित्र उमटे : निशाणी नांगर. वर व्याज किती लिहिलंय, जमीन गहाण आहे की कायमची गेली, हे त्या नांगराला ठाऊक नसे. पण तो उमटला की सारा मजकूर शेतकऱ्याला मान्य, असं कोर्ट धरून चाले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध दंगा पेटला आणि पुणे-अहमदनगर भागात पसरला. पुढे सातारा जिल्ह्यातलं, म्हणजे आजच्या शिराळा तालुक्यातलं कोकरूडही त्यात आलं. दंगेखोरांना हवे होते ते मुख्यतः कागद. सावकाराने खतं मुकाट्याने हवाली केली तिथे सहसा मारहाण झाली नाही. खतं जाळली आणि लोक पांगले. सरकारने आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. शेतकऱ्याला आधी साक्षर करा, मग तो फसणार नाही, असं म्हणून हा कायदा थांबला नाही, हे मला त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. खत गावच्या रजिस्ट्रारपुढे लिहिलं जावं, त्याने ते मोठ्याने वाचून दाखवावं आणि शेतकऱ्याला ते समजलं अशी खात्री पटल्यावरच निशाणी घ्यावी, असं त्यात होतं. शेतकऱ्याला पावती आणि वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क मिळाला. शिवाय न्यायाधीशाने नुसतं खत पाहून निकाल न देता व्यवहाराचा अगदी पहिल्या कर्जापासूनचा इतिहास तपासावा, अशी सक्ती होती. हा ब्रिटिश मुलखाचा कायदा. आज कवठे महांकाळ तालुक्यात असलेलं कुची तेव्हा सांगली संस्थानात तालुक्याचं गाव होतं, तिथे तो आपोआप लागू नव्हता. एकाच पट्ट्यातल्या दोन गावांत एकाच नांगराचा अर्थ वेगळा होऊ शकत होता.

आता संगणकाकडे येऊ. २००३ च्या सुमारास ‘कूलवेबसर्च’ नावाच्या उपद्रवाने जगभरचे इंटरनेट एक्स्प्लोरर पळवले, आणि त्याला उखडण्याची पहिली नावाजलेली हत्यारं नेदरलँडमधल्या एका विद्यार्थ्याने लिहिली. पण तो उघड घुसखोरीचा काळ होता. खरा धंदा पुढे उभा राहिला तो टूलबारचा. फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर शोधपट्टी चिकटवायची, ती ज्याच्या संगणकावर बसली त्याचे शोध आपल्या पानावरून वळवायचे आणि जाहिरातीच्या प्रत्येक क्लिकचा वाटा घ्यायचा. बॅबिलॉन, कंड्युइट, आस्क ही नावं त्या काळात संगणक वापरलेल्या कुणालाही आठवतील. हे लोण तालुक्याच्या गावापर्यंत यायला आपल्याकडे खास कारणं होती. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यातल्या कोल्हापूर-सांगलीच्या ७० गावांत संगणक पोचवायचा प्रकल्प सुरू झाला, २००१ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले, २०११ मध्ये ‘संग्राम’ या सरकारी प्रकल्पाने ग्रामपंचायतीत संगणक नेला. या सगळ्या यंत्रांवर मराठी लिहायचं तर फाँट हवा. एका फाँटमध्ये लिहिलेली फाइल दुसऱ्यात उघडली की नुसता अक्षरांचा चिखल, मग फाँट बदलून देणारं काहीतरी फुकटचं शोधा आणि उतरवून घ्या. ई-निविदा किंवा आयकर विवरणपत्र भरताना डिजिटल सहीसाठी जावा लागे, आणि जावा बसवताना एका पडद्यावर आस्क टूलबारच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली असे. ती काढायची राहिली की संमती झाली. जावा अद्ययावत करताना तोच प्रश्न पुन्हा. सरकारी कामासाठी अपरिहार्य असलेल्या सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून ही संमती घेतली जात होती, आणि २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने या टूलबारच्या जुन्या आवृत्त्या नको असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये टाकेपर्यंत हे चाललं.

टूलबार गेले आणि त्यांची जागा एक्स्टेन्शननी घेतली. पीडीएफ जोडून देणारं, व्हिडिओ उतरवून देणारं, पडद्याचा फोटो काढणारं, अशी ही लहान लहान अवजारं. परक्या संकेतस्थळावरून थेट एक्स्टेन्शन बसवण्याची सोय गूगलने २०१८ मध्ये बंद केली, म्हणजे आता फक्त अधिकृत दुकानातून. मग निश्चिंत व्हावं का? ‘द ग्रेट सस्पेंडर’ची हकिगत पाहावी. न वापरातले टॅब निजवून संगणकाचा वेग वाढवणारं हे प्रामाणिक एक्स्टेन्शन वीस लाखांहून जास्त लोकांकडे होतं. २०२० मध्ये मूळ लेखकाने ते विकलं, घेणारा कोण हे कुणाला कळलं नाही, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते धोकादायक ठरवून बंद केलं. ज्यांनी ते नीट वाचून, विचार करून बसवलं होतं त्यांचाही ब्राउझर नव्या मालकाच्या हाती गेला. कुळाला न विचारता खत दुसऱ्या सावकाराला विकावं तसं हे झालं. त्याहून दाहक उदाहरण अव्हास्टचं. ही तर अँटिव्हायरसची कंपनी. तिच्या एक्स्टेन्शनमधून आणि सॉफ्टवेअरमधून गोळा झालेला लोकांच्या भ्रमंतीचा तपशील ‘जंपशॉट’ नावाच्या उपकंपनीमार्फत विकला जात होता. जंपशॉट जानेवारी २०२० मध्ये गुंडाळावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

चांगला अँटिव्हायरस घातला की पुरे, या म्हणण्याला इथेच उत्तर मिळतं. तो पुरा न पडण्याचं आणखी एक कारण आहे. संमती घेऊन आलेल्या सॉफ्टवेअरला व्हायरस म्हटलं की त्याचे मालक कोर्टात जातात. झँगो या जाहिरात-सॉफ्टवेअर कंपनीने २००७ मध्ये कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीवर असाच दावा लावला होता. २००९ मध्ये निकाल कॅस्परस्कीच्या बाजूने लागला खरा, पण ‘कदाचित नको असलेला प्रोग्रॅम’ अशी गुळमुळीत वर्गवारी या धंद्यात का रुळली, हे त्यावरून समजतं. आकडेही वादाचे. २०१७ मध्ये चेक पॉइंट या संगणक-सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’ या ब्राउझर पळवणाऱ्या सॉफ्टवेअरने जगात २५ कोटी आणि भारतात सुमारे अडीच कोटी संगणक धरल्याचं सांगितलं. मायक्रोसॉफ्टने तो अंदाज फुगवलेला ठरवला. माझ्या मुद्द्याला त्या आकड्याची गरज नाही.

गरज आहे ती १८७९ च्या न्यायाधीशाच्या नजरेची: समोरचा कागद नव्हे, व्यवहाराचं मूळ पाहा. शोधयंत्र बदललेलं दिसलं की आपण शोधयंत्र पुन्हा बदलतो आणि ते परत उलटतं, कारण मूळ दुसरीकडे असतं. क्रोममध्ये उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून एक्स्टेन्शनची यादी उघडावी आणि प्रत्येकाच्या तपशिलात त्याला कोणती परवानगी आहे ते वाचावं. पीडीएफ जोडणाऱ्या अवजाराला ‘सर्व संकेतस्थळांवरची तुमची सगळी माहिती वाचणे आणि बदलणे’ एवढी सनद कशाला लागते? जे ओळखीचं नाही ते नुसतं बंद न करता काढूनच टाकावं. काढण्याचं बटणच दिसत नसेल आणि घरच्या किंवा स्वतःच्या दुकानच्या संगणकावर ब्राउझर ‘तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित’ असल्याचं सांगत असेल, तर कुणीतरी विंडोजच्या आत ब्राउझरसाठी धोरण लिहून ठेवलंय असं समजावं. ते जाणकाराकडून काढून घ्यावं लागतं. मग कंट्रोल पॅनेलमधली प्रोग्रॅमची यादी तारखेनुसार लावावी आणि उपद्रव सुरू झाला त्या दिवशी काय काय बसलं ते बघावं. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या चिन्हाच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलच्या नावापुढे एखादा पत्ता शेपटासारखा जोडलेला आहे का तेही तपासावं. नोटिफिकेशनची परवानगी कुणाकुणाला दिली ते पाहावं, सुरुवातीचं पान आणि शोधयंत्र दुरुस्त करावं, नाहीच जमलं तर ब्राउझर मूळ स्थितीत आणावा. सिंक चालू असेल तर काढलेलं एक्स्टेन्शन दुसऱ्या संगणकावरून परत येतं, म्हणून तेही दोन्हीकडे काढायचं. पासवर्ड मात्र दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरूनच बदलायचे आणि सगळीकडून लॉगआउट व्हायचं.

‘आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’ हा आक्षेप नेहमी येतो. स्वतःच्या घरच्या यंत्रापुरता तो कुणी घेतला तर मी एकवेळ समजून घेईन. पण सेवा केंद्राच्या ब्राउझरमधून जाणारी माहिती केंद्रचालकाची नसतेच. आधार, बँकेचं पासबुक, जातीचा दाखला, विधवा निवृत्तिवेतनाचा अर्ज, हे रांगेतल्या माणसाचं असतं, आणि त्याने कुठलंही बटण दाबलेलं नसतं. १८७५ च्या शेतकऱ्याने निदान नांगर तरी काढला होता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : शेतकरी दुष्काळात अडलेला होता, संगणकावर बसलेला माणूस शिकलेला आहे, मोकळा आहे, दोघांची तुलना कशी करायची? अडचण सारखी नाही, हे मान्य. पण फाँट उघडत नाही, सर्व्हर संध्याकाळी बंद पडेल, बाहेर पंधरा माणसं ताटकळलेली आहेत, अशा वेळी समोर आलेल्या इंग्रजी चौकटीत काय लिहिलंय हे किती जण वाचतात? नड लहान असली तरी तिचा फायदा घेणारा तोच.

कायदा झाला म्हणून सावकार थांबले नाहीत, हेही सांगायला हवं. गहाणखताची चौकशी होते म्हटल्यावर त्यांनी खरेदीखतं लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि खरेदीखताआड गहाण दडलंय का हे तपासण्याचा अधिकार कोर्टाला पुढे दुरुस्तीने द्यावा लागला. टूलबारवर बंधनं आल्यावर एक्स्टेन्शन आली आणि दुकानाची तपासणी कडक झाल्यावर चालती एक्स्टेन्शन विकत घेतली जाऊ लागली, ती हीच चाल. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दोन तरतुदी अशा आहेत की त्या वाचताना गावच्या रजिस्ट्रारची आठवण येते. संमती मागणारी सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचता आली पाहिजे. आणि संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. परदेशात बसलेल्या, नाव लपवलेल्या एक्स्टेन्शनच्या मालकाकडून हे पाळून घेणं अवघड जाईल. पण वाचून दाखवण्याचं काम आजही सर्वस्वी त्याच्यावर अवलंबून नाही. क्रोम मराठीत चालतो. सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडायची, क्रोम त्याच भाषेत दाखवा असं निवडायचं आणि तो बंद करून पुन्हा उघडायचा. त्यानंतर एखादं एक्स्टेन्शन सगळ्या संकेतस्थळांवरची माहिती वाचण्याची परवानगी मागतं तेव्हा ते वाक्य पडद्यावर देवनागरीत येतं, आणि काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसालाही ते वाचता येतं.