दिवाळीत वजन नेमकं कधी वाढतं? चार दिवसांत नाही, तर डबे रिकामे होईपर्यंत!

दिवाळी संपली की इन्स्टाग्रामवर 'डिटॉक्स'चे रील्स सुरू होतात. तीन दिवस फक्त ज्यूस प्या, आठवड्यात पोट कमी करा वगैरे. पण सणात वजन खरंच किती वाढतं? आणि ते टाळण्यासाठी काय करता येतं?

वजन किती वाढतं?

अमेरिकेत थँक्सगिव्हिंग ते नवीन वर्ष या सणांच्या काळात १९५ प्रौढांचं वजन मोजण्यात आलं. २००० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हा अभ्यास छापून आला. सरासरी वाढ होती सुमारे ३७० ग्रॅम, म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. पण खरी मेख पुढे आहे. हे वाढलेलं वजन नंतरच्या महिन्यांत उतरलंच नाही. दरवर्षी असंच साचत गेलं, तर दहा वर्षांत साडेतीन-पावणेचार किलो होतात.

हा अभ्यास दिवाळीचा नाही. पण सणात रोजच्या जेवणावर थोडं-थोडं जास्त खाल्लं जातं, हे दोन्हीकडे सारखंच.

फराळाचं काय वेगळं?

फराळ टिकतो. चकली, शंकरपाळे, शेव, चिवडा यांत पाण्याचा अंश फार कमी असतो, म्हणून ते लवकर खराब होत नाहीत. लाडू टिकतात ते तूप आणि साखरेमुळे. त्यामुळे भाऊबीज झाली तरी डबे भरलेले असतात. त्यात शेजाऱ्यांकडून, नातेवाईकांकडून आलेल्या फराळाची भर. मग संध्याकाळच्या चहासोबत मूठभर चिवडा, येता-जाता एखादी करंजी, रात्री जेवल्यावर एक लाडू. जेवण कमी होत नाही, फराळ वरून होतो.

एका लाडवाचं गणित

साधारण ४० ग्रॅमच्या बेसन लाडवात १५ ग्रॅम बेसन, १० ग्रॅम तूप आणि १५ ग्रॅम पिठीसाखर धरली, तर जवळपास २०० कॅलरी होतात. ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतही साधारण तेवढ्याच. फरक इतकाच की भाकरीने पोट भरतं, लाडू दोन मिनिटांत संपतो.

असा एकच लाडू पंधरा दिवस रोज जास्तीचा खाल्ला, तर ३,००० कॅलरी होतात. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी धरतात. म्हणजे हिशेब ४०० ग्रॅमच्या आसपास जातो.

काटा एकदम दीड किलो जास्त दाखवतोय?

घाबरू नका. शेव-चिवड्यातल्या मिठामुळे शरीरात पाणी धरून राहतं. गोड आणि पिठूळ पदार्थ जास्त खाल्ले की शरीर त्यांचा साठा पाण्यासोबत करतं. त्यामुळे दोन दिवसांत वाढलेलं वजन बरंचसं पाण्याचं असतं. नेहमीचं जेवण सुरू झालं की ते उतरतं. 'डिटॉक्स' ज्यूसची गरज नसते.

गुळाचा लाडू खाल्ला तर चालेल?

गुळात आणि साखरेत कॅलरी जवळपास सारख्याच. भाजक्या पोह्यांच्या चिवड्यात तेल कमी लागतं, हे खरं. पण 'डाएट' म्हणून दोन वाट्या खाल्ला तर फायदा उरत नाही.

मग करायचं काय?

- फराळ कमी करा. चार माणसांच्या घरात प्रत्येक पदार्थ किलोभर लागतोच असं नाही.
- लाडू-करंज्या लहान वळा. 'एक खाल्ला' याचं समाधान तेवढंच मिळतं.
- डब्यातून थेट खाऊ नका. छोट्या वाटीत घ्या आणि डबा ओट्यावरून उचलून कपाटात ठेवा.
- फराळ जेवणाच्या वर नको. सकाळी फराळ झाला असेल, तर पोहे-उपमा वेगळा नको. मात्र दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी ताव मारणंही टाळा.
- पाहुणे म्हणून गेलात तर एकच पदार्थ घ्या. यजमानांचा मान राहतो. सोबतचा चहा बिनसाखरेचा मागा.
- आठवड्यातून दोनदा वजन करा. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅममध्ये नाताळच्या काळात २७२ जणांवर झालेला प्रयोग २०१८ साली 'बीएमजे'मध्ये छापून आला. त्यातल्या एका गटाला नियमित वजन करायला सांगितलं आणि खाण्याबद्दल साध्या सूचना दिल्या. दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांचं वजन सरासरी अर्धा किलो कमी राहिलं.
- चालणं सोडू नका. सुट्टीत ऑफिसची धावपळ थांबते. जेवणानंतर अर्धा तास घरच्यांसोबत फेरी मारा.

मधुमेह असेल तर?

लाडू खायचा म्हणून जेवण टाळणं किंवा गोळी-इन्सुलिनचा डोस स्वतःच्या मनाने बदलणं धोक्याचं आहे. साखर अचानक खूप खाली जाऊ शकते. सणाआधीच डॉक्टरांशी बोलून घ्या.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मनसोक्त खाल्लेल्या फराळाने फारसं बिघडत नाही. लक्ष द्यायचं ते नंतरच्या पंधरा दिवसांकडे. भाऊबीजेनंतरही डबे भरलेले असतील, तर फराळ वाटून टाका.