स्वयंपाकघर आणि कारखाना : मुंबईतील चिनी उपाहारगृह-कामगार व त्यांचा वैद्यकीय हक्क

मुंबईत माझगाव येथे 1919 साली उभारलेले सी यूप कून मंदिर दक्षिण चीनमधून आलेल्या खलाशांचे आश्रयस्थान होते. या समाजातील काही कुटुंबे पुढे उपाहारगृहांच्या व्यवसायात स्थिरावली. माझगावजवळच भायखळ्यास 1845 पासून जे. जे. रुग्णालय होते. उपचाराची सोय अशी हाकेच्या अंतरावर होती. आजारपणात बुडणाऱ्या मजुरीचा प्रश्न मात्र रुग्णालय सोडवू शकत नव्हते.

त्या प्रश्नाला उत्तर दिले ते कर्मचारी राज्य विमा अधिनियम, 1948 ने. मुंबईत ही योजना 1954 मध्ये लागू झाली. विमाधारकास उपचार आणि आजारपणाच्या काळात रोख भत्ता असे तिचे स्वरूप होते. विशेष म्हणजे 'कर्मचारी' या संज्ञेत नागरिकत्वाची अट नव्हती. 1962 च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या लोकांवर परकीय म्हणून कडक निर्बंध आले, तेव्हाही ही व्याख्या बदलली नाही.

अडसर होता तो वेगळाच. मुळात हा कायदा यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या आणि वीस वा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरता होता. घरच्या माणसांसह आठ-दहा जणांवर चालणारे उपाहारगृह त्यात बसतच नसे. मोठ्या हॉटेलांचे मालक तर स्वयंपाकघराला कारखाना म्हणणेच अमान्य करीत. भट्टीसमोर दिवसभर उभ्या असलेल्या आचाऱ्याला हा वाद चमत्कारिकच वाटला असेल. 'जी. एल. हॉटेल्स लि. विरुद्ध टी. सी. सरीन' या खटल्यात 1993 साली सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलच्या स्वयंपाकघरात अन्न शिजविणे ही उत्पादनप्रक्रियाच असल्याचा निर्वाळा दिला. स्वयंपाकाचा गॅस हाही 'शक्ती'च्या व्याख्येत येतो, हे 'बॉम्बे आनंद भवन रेस्टॉरंट' प्रकरणात 2009 साली स्पष्ट झाले. तत्पूर्वी 1989 च्या दुरुस्तीने शक्ती वापरणाऱ्या कारखान्यांसाठी वीसची मर्यादा दहावर आली होती.

या निर्णयांचा लाभ प्रामुख्याने मोठ्या आणि मध्यम आस्थापनांतील कामगारांना झाला. 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही सर्वसाधारणपणे दहाचीच मर्यादा ठेवली आहे. चिनी समाज मुंबईत आता अल्प उरला. त्याचे खाद्यपदार्थ मात्र वरवट बकालसारख्या बाजारगावांपर्यंत 'चायनीज' या नावाने पोहोचले. दोघा-तिघांच्या बळावर चालणारी अशी गाडी त्या मर्यादेत बसत नाही. कढईतील तेल अंगावर उडाले, तर सरकारी रुग्णालयात मलमपट्टी होते. बुडालेल्या रोजाची भरपाई मात्र या विमा योजनेतून मिळत नाही.