कादंबरीवाचन : रोग आणि उतारा

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात वेस्टन या गावी वेड्यांचे एक मोठे इस्पितळ होते. १८६४ ते १८८९ या काळात तेथे दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदींत मद्यपान, घरगुती कलह, युद्ध अशा कारणांच्या पंक्तीला 'कादंबरीवाचन' हेही एक कारण आढळते. हसण्याचे कारण नाही. कादंबरी हाती धरलेले मूल बिघडले, असे आपल्याकडेही पुष्कळ काळ मानले जात होतेच. आम्हांला कुतूहल वाटते ते नंतरच्या पालटाचे. जिच्यापायी माणसे भ्रमिष्ट होतात असे मानले गेले, तीच कादंबरी खचलेल्या मनावरचा उतारा म्हणून इस्पितळात कशी शिरली?

ग्रंथोपचार या अर्थी 'बिब्लिओथेरपी' हा शब्द १९१६ साली सॅम्युअल क्रॉदर्स या धर्मोपदेशक निबंधकाराने 'अटलांटिक मंथली' या मासिकात वापरला, तोही थट्टेच्या सुरात. पुस्तकांचा दवाखाना थाटून बसलेला एक मित्र त्याने त्या लेखात रंगवला होता. थट्टेची आणि वास्तवाची गाठ लवकरच पडली. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली, ग्रंथपालांच्या संघटनेने छावण्यांत व लष्करी इस्पितळांत ग्रंथालये उभारली, आणि जखमा भरूनही मनाने न उठणारे सैनिक ग्रंथपालांच्या समोर आले.

या इतिहासातील सर्वांत मोलाचे प्रकरण आमच्या मते अलाबामातील टस्कीगी येथे घडले. कृष्णवर्णीय माजी सैनिकांसाठी तेथे १९२३ साली सरकारी इस्पितळ निघाले. तेथील डॉक्टरही कृष्णवर्णीय असावेत, या मागणीच्या विरोधात त्याच वर्षी कू क्लक्स क्लॅनने गावातून मोर्चा काढला. अशा ठिकाणी जानेवारी १९२४ मध्ये सेडी पीटरसन डिलेनी या ग्रंथपाल न्यूयॉर्कच्या हार्लेममधून आल्या. हाताशी पुस्तके होती सुमारे दोनशे. १९५८ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, त्या तेथेच राहिल्या. पुस्तके गाडीवर घालून त्या वॉर्डावॉर्डांत नेत. दृष्टी गेलेल्यांना शिकवता यावे म्हणून स्वतः ब्रेल शिकल्या. रुग्णांचे साहित्यमंडळ त्यांनी चालवले. पण त्यांचे खरे वेगळेपण असे, की डॉक्टरांशी बसून प्रत्येक रुग्णाचा पूर्वेतिहास त्या समजून घेत आणि मगच त्याच्या हाती कोणते पुस्तक द्यायचे ते ठरवीत. कृष्णवर्णीयांनी लिहिलेली, त्यांच्याविषयीची पुस्तके त्यांनी मुद्दाम जमवली. देशासाठी लढून आलेल्या माणसाला त्याच देशाने दाराबाहेर उभे केले असेल, तर त्याचे खचणे निव्वळ मेंदूतील बिघाड म्हणून निकालात काढता येत नाही, हे त्या जाणून असाव्यात. (याच परिसरात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्यखात्याने उपदंशाच्या कृष्णवर्णीय रुग्णांना 'अभ्यासा'साठी उपचारांविना ठेवले. वैद्यकाचे हे दोन चेहरे एकाच गावात नांदत होते.)

पुढे ग्रंथोपचाराचा एक फाटा स्वमदतीच्या पुस्तकांकडे वळला. वेल्समध्ये २००५ पासून डॉक्टर अशी पुस्तके रीतसर चिठ्ठीवर लिहून देऊ लागले. त्यांचा उपयोग नाकारता येत नाही. तरी उपदेश ऐकून थकलेल्या माणसाला आणखी उपदेश कितपत सोसेल, अशी शंका आम्हांला येते. कथेचे तसे नाही. ती रुग्णाला 'तू' म्हणून हाक मारीत नाही. दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगते, आणि त्या आडोशाने त्याला स्वतःकडे पाहता येते.

लिव्हरपूलजवळच्या बर्कनहेड येथे २००१ साली जेन डेव्हिस यांनी सुरू केलेली वाचनमंडळे या दुसऱ्या वाटेवरची. तेथे कथा, कादंबऱ्या, कविता मोठ्याने वाचल्या जातात. आधी वाचून येण्याची अट नाही, बोलण्याची सक्ती नाही. नैराश्याचे निदान झालेल्यांच्या अशा दोन मंडळांचा लिव्हरपूल विद्यापीठातील संशोधकांनी वर्षभर अभ्यास केला, तेव्हा सुधारणा आढळली. संख्या लहान असल्याने निष्कर्षही बेतानेच घ्यावा. मात्र या सुधारणेमागे त्यांना तीन गोष्टी दिसल्या : साहित्यकृती, वाचून दाखवणारी व्यक्ती आणि सोबतची माणसे.

याउलट २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला किड व कास्टानो यांचा निबंध. ललित साहित्याचे उतारे एकट्याने वाचल्यावर दुसऱ्याचे मन अधिक ओळखता येते, असे त्यात म्हटले होते. त्याचा गाजावाजा फार झाला. २०१६ आणि २०१८ मध्ये इतरांनी तेच प्रयोग करून पाहिले तेव्हा तो परिणाम दिसला नाही. शिवाय त्या निबंधाचा विषय नैराश्य नव्हताच.

नैराश्यात चित्त एकाग्र होत नाही. तेच पान चारदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. आजारी स्नेह्याच्या उशाशी आपण प्रेमाने ठेवलेला कादंबऱ्यांचा गठ्ठा म्हणूनच पुष्कळदा तसाच पडून राहतो. बर्कनहेडच्या मंडळांत मात्र पान वाचायचे काम दुसरे कुणीतरी करते. रुग्णाने नुसते बसून ऐकले तरी चालते.