सांध्यांतून हृदयाकडे

नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा घसा दुखतो, चार दिवसांत बराही होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघा सुजतो. तो उतरतो न उतरतो तोच घोटा धरतो. घरात म्हणतात, वाढीचे दुखणे असेल. सांधे खरोखरच पूर्ववत होतात. पण घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंवर उठलेली शरीराची फौज एव्हाना आपल्याच हृदयावर चालून गेलेली असते. झडपा सुजतात, पुढे आखडतात, आणि काही वर्षांनी जिना चढताना धाप लागू लागते. हा ऱ्हुमॅटिक हृदयविकार.

त्यावर पूर्वी मुख्य उपाय म्हणजे अंथरूण! मुले महिनोन्‌महिने निजून असत. डॉ. विदरिंग यांनी 1785 मध्ये गुण वर्णन केलेल्या डिजिटॅलिसच्या पानांनी थकलेले हृदय थोडे सावरे, एवढेच.

1925 मध्ये लंडनला हेन्री सूटर यांनी एका मुलीच्या धडधडत्या हृदयात बोट घालून खराब झालेली झडप चाचपली, सैल केली. मुलगी वाचली. तरीही त्यांच्याकडे असा दुसरा रुग्ण कोणी पाठवला नाही. हृदयाला हात लावायचा नाही, हा त्या काळचा दंडक. थेट 1948 मध्ये अमेरिकेत बेली आणि हार्कन यांनी ती वाट पुन्हा उघडली. पुढच्या दशकात मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन अशा शस्त्रक्रिया करू लागले. 1990 मध्ये तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने बनवलेली कृत्रिम झडप प्रथम रुग्णाला बसवली गेली.

मला मात्र याहून मोठी वाटते ती घटना ऑपरेशन थिएटरात घडलीच नाही. वायोमिंगमधील लष्करी तळावर जवानांचे घसे सारखे सुजत. डॉ. रॅमलकॅम्प यांच्या पथकाने त्यांच्यातल्या काहींना लगेच पेनिसिलिन दिले, काहींना दिले नाही. 1950 मध्ये आकडे छापून आले. औषध न दिलेल्या 804 जणांपैकी 17 जणांना हा ताप आला. दिलेल्या 798 पैकी फक्त दोघांना. न दिलेल्यांचा विचार आज अस्वस्थ करतो.

लवकरच महिनाभर पुरणारे बेन्झाथिन पेनिसिलिन आले. एकदा हृदयाला झळ लागली, की दर तीन-चार आठवड्यांनी बारा लाख युनिटांचे हे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. काहींना चाळिशीपर्यंत, काहींना त्याहीपुढे. ते चांगलेच दुखते. सांधे केव्हाच बरे झालेले असतात, मूल शाळेत पळत असते, आणि आईची दवाखान्यापायी दिवसाची मजुरी बुडते. मग एक खेप चुकते, दुसरी चुकते. त्या मधल्या आठवड्यांत घसा पुन्हा दुखला, तर सूज त्याच झडपेवर पुन्हा चढते.