बदनामीचे भांडवल : मोटारसायकलस्वारांच्या शरदातील मदतफेऱ्या

दरवर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत अमेरिका आणि युरोपातील रस्त्यांवर मोटारसायकलींच्या लांबच लांब मिरवणुका निघतात. कुणी स्तनाच्या कर्करोगासाठी निधी गोळा करतो, कुणी प्रोस्टेटच्या, कुणी मुलांच्या दुर्धर आजारांसाठी. चामड्याची जाकिटे, दाढ्या, गोंदणे, कानठळ्या बसवणारे आवाज. आणि हातात देणगीचा डबा. ज्या माणसांना पाहून सभ्य वस्तीने एके काळी मुलांना घरात ओढून घेतले असते, त्यांच्याकडे आज वैद्यकीय संशोधनासाठी पैसे विश्वासाने सोपवले जातात. हा पालट कसा घडला, त्याचा हा धागा. थोडा दीर्घ आहे.

आरंभ बदनामीपासून होत नाही, हे आधी सांगायला हवे.

पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या इंग्लंडात मोटारसायकल हे खात्यापित्या घरांतील हौशी मंडळींचे वाहन होते. त्या हौशी मंडळींत एल्सी नॉकर आणि मारी चिझम या दोघी होत्या. एल्सी तिशीची, प्रशिक्षित परिचारिका, घटस्फोटित, एका मुलाची आई. मारी अवघी अठरा वर्षांची. आईचा विरोध पत्करून वडिलांनी तिला डग्लस मोटारसायकल घेऊन दिली होती. दोघींची ओळख झाली ती मोटारसायकलींमुळेच. युद्ध पेटताच दोघी लंडनला आल्या आणि महिलांच्या आपत्कालीन दलात निरोप पोहोचवणाऱ्या स्वार झाल्या. लंडनच्या गर्दीतून सफाईने गाडी काढणारी मारी डॉ. हेक्टर मन्रो यांच्या नजरेस पडली. मन्रो तेव्हा बेल्जियमला जाण्यासाठी एक फिरते रुग्णवाहिका पथक उभे करत होते. १९१४ च्या सप्टेंबरअखेर, म्हणजे ऐन शरदात, दोघी त्या पथकातून बेल्जियमच्या किनाऱ्यावर उतरल्या.

तेथे एल्सीच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि ती वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची होती. जखमी सैनिक पुष्कळदा जखमेने मरत नव्हते. खाचखळग्यांच्या रस्त्यावरून कित्येक मैल गाडीत हिंदकळत रुग्णालयाकडे जाताना, जखमेपाठोपाठ येणाऱ्या धक्क्याने ते दगावत होते. आघाडीच्या अगदी जवळच त्यांना ऊब, विश्रांती आणि प्रथमोपचार मिळाले, तर पुढचा प्रवास झेपेल, असा तिचा आग्रह होता. त्यासाठी त्या वर्षीच्या नोव्हेंबरात या दोघींनी मूळ पथक सोडून पेर्विज या उद्ध्वस्त गावातील एका तळघरात आपले ठाणे मांडले. खंदक हाकेच्या अंतरावर होते.

ठाणे चालवायला पैसा लागे आणि सरकारी पाठबळ जेमतेम. मग दोघी अधूनमधून ब्रिटनला परतत, सभा घेत, देणग्या मागत. वृत्तपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतले होते; त्या युद्धात सर्वाधिक छायाचित्रे निघालेल्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. ब्रीचेस घालून मोटारसायकल चालवणाऱ्या बायका हाच मुळात लोकांच्या कुतूहलाचा विषय होता, आणि त्या कुतूहलाचे पैशात रूपांतर होत होते. १९१८ च्या वसंतात विषारी वायूच्या हल्ल्यात दोघी होरपळल्या आणि ते ठाणे बंद पडले. तोवर लोकांच्या नजरेत भरणारा स्वार आणि आजारी माणसासाठी मागितलेला पैसा यांची जोडी मात्र जमून गेली होती.

आता काळाची मोठी उडी घेऊ. स्थळही बदलते : कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर हे शेतमळ्यांमध्ये वसलेले छोटे गाव.

१९४७ च्या ४ जुलैच्या सुट्टीत तेथे ‘जिप्सी टूर’ नावाचा अधिकृत मोटारसायकल मेळा भरला होता. (योगायोग असा, की एल्सी नॉकर ज्या हौशी मोटारसायकल क्लबची सभासद होती, त्याच्या नावातही ‘जिप्सी’ होते.) सुमारे ४ हजार स्वार आले, म्हणजे गावाच्या लोकसंख्येइतकेच पाहुणे. त्यांत युद्धावरून नुकतेच परतलेले, शांततेच्या दिनक्रमात न रुळलेले तरुण पुष्कळ होते. दारू झाली, रस्त्यात शर्यती झाल्या, मारामाऱ्या झाल्या, अटका झाल्या. बहुतेक गुन्हे किरकोळ होते. पण २१ जुलैच्या ‘लाइफ’ साप्ताहिकाने पानभर छायाचित्र छापले : हार्लेवर रेललेला, दोन्ही हातांत बाटल्या धरलेला एक धिप्पाड माणूस, खाली रिकाम्या बाटल्यांचा खच. त्याच छायाचित्रात मागे उभ्या दिसणाऱ्या एका प्रत्यक्षदर्शीने पुढे सांगितले, की बाटल्या गोळा करून रचण्यात आल्या होत्या आणि माणूस नंतर बसवण्यात आला होता.

प्रतिमा मात्र निसटून गेली होती. १९५१ मध्ये ‘हार्पर्स’ मासिकात फ्रँक रूनी यांची याच घटनेवर बेतलेली कथा आली. १९५३ मध्ये त्या कथेवरून ‘द वाइल्ड वन’ हा चित्रपट निघाला आणि ट्रायम्फ थंडरबर्डवर बसलेला मार्लन ब्रँडो जगभरच्या आईबापांच्या भीतीचा चेहरा झाला. ब्रिटिश सेन्सॉरने १९६७ पर्यंत त्या चित्रपटाला प्रमाणपत्र दिले नाही. ‘नव्व्याण्णव टक्के स्वार सभ्य असतात, एक टक्काच गुंड’ असे अमेरिकन मोटरसायक्लिस्ट असोसिएशनने हॉलिस्टरनंतर म्हटल्याचे तुम्ही वाचले असेल. गुंड टोळ्या अंगावर ‘१%’ चे बिल्ले मिरवतात ते त्यावरूनच. असे निवेदन दिल्याची नोंद खुद्द त्या संस्थेकडे नाही. तरीही बिल्ले आहेतच!

या बदनामीचा आर्थिक फटका बसला तो मोटारसायकल बनवणाऱ्यांना. १९८० च्या सुमारास हार्ले-डेव्हिडसन कंपनी जपानी गाड्यांपुढे हतबल झाली होती. मालकी एएमएफ या क्रीडासाहित्याच्या उद्योगसमूहाकडे होती आणि दर्जा घसरला होता. त्याच वर्षी हार्लेने मस्क्युलर डिस्ट्रॉफी असोसिएशन या संस्थेशी हातमिळवणी केली. पुढच्या वर्षी कंपनीच्या तेरा अधिकाऱ्यांनी ती एएमएफकडून विकत घेतली, १९८३ मध्ये हार्लेमालकांची संघटना उभी राहिली, आणि १९८४ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेंडेलमधील हार्लेचे विक्रेते ऑलिव्हर शोकू यांनी ‘लव्ह राइड’ नावाची फेरी सुरू केली.

मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू झिजवत नेणाऱ्या आनुवंशिक रोगांचा गट. त्यातील डुशेन हा प्रकार प्रामुख्याने मुलग्यांना होतो. धावणारे पोर आधी जिन्यावर अडखळू लागते, मग चाकाच्या खुर्चीत येते, आणि शेवटी श्वासाचे व हृदयाचे स्नायूही थकतात. १९८० मध्ये त्याचे कारण कुणालाच ठाऊक नव्हते. १९८६ मध्ये लुई कंकेल यांच्या गटाने त्याचे जनुक शोधले आणि पुढच्याच वर्षी डिस्ट्रॉफिन हे प्रथिन ओळखले गेले. त्या संशोधनामागे याच असोसिएशनचा पैसा होता. एका विशिष्ट फेरीतील डॉलर थेट त्या प्रयोगशाळेत गेला असे कुणी म्हणू नये. पण देणगीच्या डब्यातील पैशाचे काय होते, असा प्रश्न विचारणाऱ्याला दाखवावे असे हे उदाहरण खचित आहे.

लव्ह राइडची रीत साधी होती. प्रवेशशुल्क भरायचे, ओळखीच्यांकडून देणगीचे शब्द घ्यायचे, सकाळी ग्लेंडेलहून ताफ्याने निघायचे, मुक्कामी जेवण आणि संगीत. शरदातील एका रविवारी हजारो गाड्या एकाच वेळी सुटत. ताफ्याच्या अग्रभागी वर्षानुवर्षे दूरचित्रवाणीवरील विनोदवीर जे लेनो असत, आणि कित्येकदा पीटर फोंडा. हे तेच फोंडा, ज्यांनी १९६९ च्या ‘ईझी रायडर’ चित्रपटात मादक पदार्थ विकून अमेरिकाभर भटकणाऱ्या स्वाराची भूमिका केली होती. त्यांना पुढे पाहूनच गर्दी होत होती, छायाचित्रकार येत होते, बातमी छापली जात होती. सभ्य मोटारचालकांनी अशीच फेरी काढली असती, तर बातमी आतल्या पानाच्या कोपऱ्यातही आली नसती. स्वारांची बदनामी हेच या फेऱ्यांचे भांडवल होते, असे माझे मत. कंपनीने त्यातून आपले नाव धुऊन घेतले हेही खरे, आणि २०१५ मध्ये थांबेपर्यंत त्या फेरीने दोन कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली हेही खरे.

मग या फेऱ्या शरदातच का? पहिले कारण अगदी व्यवहाराचे आहे. उत्तर गोलार्धात नोव्हेंबरनंतर रस्त्यावर बर्फ पडते, ते वितळवायला मीठ टाकतात, आणि मीठ गाडीचे लोखंड खाते. गाड्या महिनोन्‌महिने झाकून ठेवण्यापूर्वी सर्वांनी मिळून एकदा फिरून यावे, ही तेथील स्वारांची जुनी रीत. आपल्याकडे नेमके उलटे : पाऊस सरतो, दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार पडतो आणि खरे तर तेव्हाच सीमोल्लंघनाचे दिवस सुरू होतात.

दुसरे कारण आरोग्याच्या दिनदर्शिकेचे. १९८५ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटी आणि आयसीआय या रसायन कंपनीचा औषधविभाग यांनी ऑक्टोबर हा स्तनकर्करोग जागृतीचा काळ ठरवला. हीच कंपनी टॅमॉक्सिफेन हे स्तनकर्करोगावरील औषध बनवत असे. तेव्हा हेतूंची सरमिसळ येथेही पहिल्या दिवसापासून आहे. गुलाबी फीत आली १९९२ मध्ये. तिच्याआधी शार्लट हेली ही कॅलिफोर्नियातील वृद्धा घरी पीच रंगाच्या फिती बनवून वाटत होती. सोबतच्या चिठ्ठीत, कर्करोगाच्या सरकारी अंदाजपत्रकात प्रतिबंधावर किती कमी खर्च होतो याची तक्रार असे. ‘सेल्फ’ मासिक आणि एस्टी लॉडर या सौंदर्यप्रसाधन कंपनीने तिच्यासोबत काम करण्याची इच्छा दाखवली. आपल्या फितीचा बाजार होईल म्हणून तिने नकार दिला. मग रंग बदलून गुलाबी केला गेला, आणि तक्रारीची चिठ्ठी गळून पडली. आज ऑक्टोबरात हँडलला गुलाबी फिती बांधून ताफे निघतात.

पुढे नोव्हेंबरही भरला. २००३ मध्ये मेलबर्नमधील दोन मित्रांनी तीस जणांना महिनाभर मिशा वाढवायला लावल्या. त्यातून ‘मूव्हेंबर’ ही पुरुषांच्या आरोग्याची चळवळ उभी राहिली.

२०१२ मध्ये सिडनीच्या मार्क हव्वा यांनी एक छायाचित्र पाहिले : ‘मॅड मेन’ या मालिकेतील डॉन ड्रेपर, अंगात उंची सूट, खाली जुन्या घाटाची मोटारसायकल. स्वारांची प्रतिमा बदलायची असेल तर कपडे बदलून पाहू, अशी त्यांची कल्पना. त्या वर्षी ७ ऑक्टोबरला ६४ शहरांत अडीच हजार स्वार कोट-टाय लावून निघाले. ‘डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड’ म्हणतात ती हीच. निधी गोळा करायला प्रारंभ झाला दुसऱ्या वर्षी, प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी. २०१६ मध्ये ‘मूव्हेंबर’शी भागीदारी झाली, मानसिक आरोग्य आणि आत्महत्या-प्रतिबंध हे विषय जोडले गेले, त्या वर्षी ५६ हजारांहून अधिक स्वार ५०५ शहरांत उतरले आणि ३६ लाख डॉलर जमले. मुख्य प्रायोजक आहे ट्रायम्फ, म्हणजे ब्रँडोच्या त्या थंडरबर्डवर जिचे नाव होते तीच. आज ट्रायम्फच्या चारशे सीसीच्या गाड्या आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होतात.

येथे एक अडचण सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. ‘जागृती करा, तपासणी करून घ्या’ हे वाक्य वाटते तितके निर्विवाद नाही. २०१२ मध्येच, म्हणजे पहिल्या फेरीच्या वर्षी, अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने निरोगी पुरुषांची पीएसए रक्तचाचणी सरसकट करू नये असा सल्ला दिला. प्रोस्टेटच्या पुष्कळ गाठी इतक्या संथ असतात, की त्यांनी माणूस मरत नाही. मात्र त्या शोधून केलेल्या शस्त्रक्रियेने मूत्रावरील ताबा आणि लैंगिक क्षमता जाऊ शकते. २०१८ मध्ये तो सल्ला सौम्य झाला : ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी बोलून प्रत्येकाने आपला निर्णय घ्यावा. देणगीच्या डब्यावर एवढा मजकूर मावत नाही, आणि मिरवणुकीत तर तो ऐकूही जात नाही. पण फेरी थांबते, गाड्या स्टँडवर लागतात, चहा येतो, आणि दोन पन्नाशीचे पुरुष एकमेकांकडे न पाहता गाडीकडे पाहत बोलू लागतात. लघवीच्या तक्रारीबद्दल किंवा न लागणाऱ्या झोपेबद्दल पुरुष कुणाशी बोलत नाहीत. तेथे बोलण्याची शक्यता असते. डॉक्टरकडे जाण्याची वाट अनेकांसाठी या चहाच्या टपरीवरूनच जाते, असे मला वाटते.

२०२० च्या सप्टेंबरात महामारीमुळे प्रत्येकाने एकट्याने फेरी काढली. पुढच्या वर्षापासून ही फेरी मे महिन्यात हलवली गेली. सिडनीत सप्टेंबर म्हणजे वसंत आणि मे म्हणजे पानगळ; तेव्हा तिच्या जन्मगावी ती आता कुठे खरोखरीची शरदातली झाली. मुंबई-पुण्याच्या स्वारांवर मात्र वैशाखवणव्यात वेस्टकोट आणि टाय चढवून निघण्याची पाळी आली आहे.