आधी हाक कुणाला?

आमचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पहिली तीन मिनिटं आम्ही नुसती नावंच वाचायचो. अध्यक्ष, सचिव, प्रमुख पाहुणे. तोवर ऐकणारी बाई पाण्याला निघून गेलेली असायची.

मग आम्ही मागं वळून पाहिलं. १९५२ साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. त्याच सुमाराला आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गायब झाली होती, त्यामुळं घरोघरी सिलोन लागायचं. निवेदक अमीन सयानी सुरुवात करायचे, ‘बहनो और भाइयो’. सभांमधून तर ‘भाइयो और बहनो’च ऐकू यायचं. त्यांनी बहिणींना पुढं घेतलं, आणि भाषा अगदी बोलण्यातली ठेवली.

ती भाषा त्यांच्या घरात होती. आई कुलसुम सयानी मुंबईत प्रौढ साक्षरतेचं काम करायच्या. नुकतंच वाचायला शिकलेल्यांसाठी त्यांनी १९४० मध्ये ‘रहबर’ हे पाक्षिक काढलं. भाषा एकच, सोपी हिंदुस्तानी. छापायचं मात्र नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत. लहानपणी अमीन त्या कामात आईला मदत करत. अडणाऱ्या वाचकाला अवघड शब्द द्यायचा नाही, हे तिथंच अंगी बाणलं असावं, असं आम्हाला वाटतं.

आता आमची सुरुवात ‘काय गं, चूल पेटली का?’ अशी होते. लगेच त्या दिवशीचा विषय. पाहुण्यांची नावं शेवटी. एक पाहुणे त्यावरून रुसले होते. त्यांच्या घरच्या बाईंनीच त्यांची समजूत घातली.