गप्पी माशांच्या पिल्लांची टाकी

गप्पी (शास्त्रीय नाव: पोइसिलिया रेटिक्युलाटा) या माशाची नवजात पिल्ले प्रौढ माशांपासून वेगळी वाढवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लहान मत्स्यालयास पिल्लांची टाकी अथवा संगोपन टाकी म्हणतात. गप्पी हा मूळचा ईशान्य दक्षिण अमेरिका व त्रिनिदाद परिसरातील मासा आहे. डासांच्या अळ्या खात असल्यामुळे महाराष्ट्रातही तो साचलेल्या पाण्यात सोडला जातो.

गप्पीची मादी अंडी न घालता पिल्लांना जन्म देते. गर्भकाळ साधारणतः ३ ते ४ आठवड्यांचा असतो व एका खेपेस बहुधा २० ते ६० पिल्ले होतात. जन्मतः पिल्लू ६ ते ८ मिलिमीटर लांबीचे असून लगेच पोहू लागते. मात्र जन्मदात्रीसह सर्वच प्रौढ मासे त्यास भक्ष्य समजतात.

पूर्वतयारी

सुमारे २० ते ४० लिटरची टाकी पुरेशी असते. नवी टाकी स्वच्छ दिसली, तरी पिल्लांना ती घातक ठरू शकते. माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया निर्माण होतो. त्याचे नायट्राइटमध्ये आणि पुढे तुलनेने कमी विषारी नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू टाकीत स्थिरावण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. हा अवधी गर्भकाळाहून मोठा असल्याने मादीचे पोट फुगलेले दिसल्यावर तयारीस लागणे उशिराचे ठरते. यावर रूढ उपाय असा, की स्पंज फिल्टर काही आठवडे आधीपासून जुन्या टाकीत चालू ठेवून ऐनवेळी नव्या टाकीत हलवला जातो. केवळ जुने पाणी ओतल्याने हे काम होत नाही. कारण हे जिवाणू मुख्यतः पाण्यात नव्हे, तर पृष्ठभागांना चिकटून राहतात.

जोरदार प्रवाहाचे फिल्टर पिल्लांना आत ओढून घेत असल्याने स्पंज फिल्टरच योग्य मानला जातो. तळाशी वाळू न घातल्यास सफाई सोपी होते. लपण्यासाठी जावा मॉस ही वनस्पती उपयुक्त आहे. तिच्यावरील सूक्ष्मजीव पिल्ले टिपून खातात. तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस राखले जाते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन ते उघडे ठेवल्यास उडून जातो, परंतु क्लोरामाइन उडत नसल्याने त्यासाठी क्लोरीननाशक द्रव्य वापरावे लागते.

मादीला जाळीच्या लहानशा पेटीत कोंडण्याची पद्धतही प्रचलित आहे. त्यात मालकाची सोय होत असली, तरी मादीवर ताण येतो.

आहार व निगा

नुकत्याच उबवलेल्या आर्टेमियाच्या अळ्या हे उत्तम खाद्य होय. बारीक दळलेले कोरडे खाद्यही चालते. उकडलेल्या अंड्याचा बलक स्वस्त असला, तरी पाणी फार लवकर नासवतो. खाद्य दिवसातून ३ ते ५ वेळा, थोडे थोडे दिले जाते. पाणी बदलताना नळीच्या तोंडाला कापड बांधल्यास पिल्ले वाहून जात नाहीत.

साधारण ४ ते ६ आठवड्यांत नर ओळखू येऊ लागताच त्यांना वेगळे केले जाते. मादी शुक्राणू अनेक महिने साठवून ठेवू शकते. त्यामुळे एकदा समागम झालेली मादी नराविना ठेवली, तरी पुढे अनेक खेपा पिल्ले देत राहते. प्रौढांच्या तोंडात मावणार नाहीत एवढी मोठी झाल्यावर पिल्ले मुख्य टाकीत सोडता येतात.